हिरव्या बांगडीची साक्ष

कुकरची तिसरी शिट्टी झाली तशा सोप्यातल्या बायका गप्पा थांबवून नवरीच्या मनगटाकडे पाहू लागल्या. तिसऱ्या शिट्टीपर्यंत रंग बदलला नाही तर मग तो बदलत नाही, असं तासगावात सगळ्यांना पाठ झालं होतं. डबीवर काय वेळ लिहिली होती ते कुणी वाचत नसे. कुकर आपला बरा.

“हिरवी!” नूतन कासारीण म्हणाली आणि झांबऱ्यांच्या घरात एकच गलका उडाला. कुणी साखर वाटली, कुणी नवरीच्या, मैत्रेयीच्या, गालावरून हात ओवाळून कडाकडा बोटं मोडली.

साक्षबांगडी बाजारात येऊन तेव्हा पाच-सहा वर्षं झाली असतील. दिसायला बाकीच्या चुड्यात मिसळून जाईल अशीच हिरवीगार काच. फक्त आतल्या अंगाला केसाहून बारीक काटे असत. ते कातडीला चिमटा काढल्यासारखे लागत आणि अंगातला थेंबभर द्रव ओढून घेत. संबंधांतून एकाचे दुसऱ्याला लागणारे जे आजार, त्यांची खूण त्या थेंबात सापडली की बांगडी चिंचेच्या रंगाची होई. नाही सापडली तर हिरवी ती हिरवीच. नवऱ्यामुलासाठी त्याच काचेचं कडं निघालं होतं. लग्नाच्या आदल्या दिवशी दोन्हीकडची माणसं एकत्र बसवून दोघांची साक्ष एकदमच घ्यायची, अशी नवी रीत पडली होती. पत्रिका जुळवणाऱ्यांनीही ती मानली आणि पत्रिका न मानणाऱ्यांनीही.

समोरच्या पाटावर निनाद बसला होता. त्याच्या कपाळावर घाम होता. हर्षदानं, म्हणजे त्याच्या आईनं, पदरानं तो टिपला आणि मग त्याच्या कड्याकडे पाहिलं. तेही हिरवंच. निनादनं डोळे मिटले, देव्हाऱ्याकडे वळून हात जोडले आणि बराच वेळ तसाच बसून राहिला. हर्षदाचं काळीज भरून आलं. आजकालची पोरं कुठे एवढी भाविक असतात!

“आता तीन महिन्यांनी परत एक भरायची बरं का,” नूतन पेटी आवरताना म्हणाली. “डबीवर लिहिलंय तसं.”

निनादची आत्या, शोभाआत्या, भिंतीला टेकून बसली होती. ती कसली गप्प बसते! “अगं नूतन, नवरा एकदा आणि साक्षही एकदा. दुसऱ्यांदा साक्ष मागती ती बायको कसली? ती फौजदारीण!”

सोपा हसण्यानं दणाणला.

“मी आपलं सांगायचं काम केलं,” नूतन म्हणाली. “न्हाईतर उद्या मलाच म्हणाल, बोलली नाहीस.”

हर्षदाही हसली होती. पुढे कितीतरी दिवस तिला सोप्यातलं ते हसू ऐकू येई, आणि त्यात स्वतःचा आवाज वेगळा ओळखू येई.

झांबऱ्यांचा धंदा बेदाण्याचा. गावाबाहेर त्यांची मोठी शेड होती. द्राक्षं जाळ्यांवर वाळायची, मग खोलीत कोंडून त्यांना गंधकाची धुरी द्यायची, की बेदाणा सोन्यासारखा पिवळा निघतो. त्या गंधकानं कामकऱ्यांचे डोळे चुरचुरत, हातांचे तळवे लाल होत. हर्षदानं उमेदीची वर्षं त्या शेडमध्ये काढली होती. तिचे तळवे अजून खरखरीत होते. आता तिनं काम सोडलं होतं आणि लक्ष वातींचा नेम धरला होता. सकाळी आंघोळ झाली की देवासमोर बसायचं, कापसाची बोंडं मोकळी करायची आणि तोंडानं नाव घेत वाती वळायच्या. घरात पाळणा हलू दे, एवढंच मागणं.

मैत्रेयी अकलूजची. वाणिज्य शाखेची पदवी घेतलेली, जिभेनं तिखट, पण मनात काही न ठेवणारी. लग्नानंतर महिन्याभरातच ती शेडमध्ये माल निवडणाऱ्या बायकांत जाऊन बसली.

“आई,” एकदा ती मूठभर बेदाणे दाखवत म्हणाली, “धुरी दिलेला नि न दिलेला शेजारी ठेवले तर न दिलेला बिचारा अगदी आजारी दिसतो हो. खरं तर तोच बरा.”

“गिऱ्हाईक रंग बघतं, बाळा.”

“तेच म्हणते मी. माणसंसुद्धा.”

असली बोलणी हर्षदाला आवडत. तिला मुलगी नव्हती. सून येऊन आपली जागा घेईल याची भीती तिला कधी वाटलीच नाही. उलट घरात इतकी वर्षं कुणाचीतरी जागा रिकामी होती, ती भरली असंच वाटलं.

लवकरच मैत्रेयीला दिवस गेले. त्याच दिवशी हर्षदानं फर्मान काढलं, “आजपासून शेडकडे फिरकायचं नाही. गंधकाचा वास बाळाला बरा नव्हे.”

“वासच बंद? मग मी करू काय दिवसभर?”

“माझ्याबरोबर वाती वळ.”

मैत्रेयीच्या वाती जाड, वाकड्यातिकड्या होत. हर्षदा त्या गुपचूप उलगडून पुन्हा वळायची. मैत्रेयीच्या ते लक्षात आलं होतं, पण तीही गुपचूपच राहायची.

डॉक्टर तस्नीम मुल्ला तासगावच्या दवाखान्यात नवीनच आल्या होत्या. वय फार नव्हतं, बोलणं हळू, पण प्रश्न नेमके. पहिल्याच भेटीत त्या म्हणाल्या, “नसेतलं रक्त घेऊन सांगलीला प्रयोगशाळेत पाठवूया का?”

बांगडी सर्वमान्य झाल्यापासून ही चाल मागे पडली होती. हर्षदानं सुनेचं मनगट पुढे केलं. “ही बघा ना. हिरवीगार आहे.”

“ही लग्नातली ना, काकू? ही आता नुसती काच आहे. एकदा साक्ष दिली की आतले काटे सुकून जातात. पुढे काय झालं ते तिला कळत नाही.”

“पुढे काय व्हायचंय?” हर्षदा म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण चेहरा उतरला. “आमच्या घरात पुढे-मागे काही नसतं, डॉक्टर.”

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं, मग मैत्रेयीकडे. “बरं, मग निदान दुसरी बांगडी भरून घ्या. तेवढं माझ्यासाठी.”

मैत्रेयीच म्हणाली, “भरू की. आई, डोहाळजेवणाला नाहीतरी चुडा भरायचाच आहे. त्यात एक घालायची. शोभाआत्यांना काचेकाचेतला फरक थोडाच कळणार आहे?”

हर्षदाला सुटल्यासारखं वाटलं. डॉक्टरांचंही राहिलं आणि घराचंही.

सातव्या महिन्यात डोहाळजेवण झालं. हिरवी साडी, फुलांची वाडी, ओटीत पाच फळं. नूतननं डझनभर हिरव्या बांगड्यांच्या मधोमध ती एक सरकवली आणि हर्षदाकडे बघून डोळा मिचकावला. आतल्या घरात कुकर लागला होताच. तिसऱ्या शिट्टीला सासू-सुनेनं एकदमच मनगटाकडे पाहिलं.

हिरवी.

“झालं समाधान?” मैत्रेयी कुजबुजली.

“माझं आधीपासूनच होतं,” हर्षदा म्हणाली. तरी त्या दिवशी तिनं देवासमोर जास्तीची एक वात लावली.

चार दिवसांनी दवाखान्यात मैत्रेयीनं हात पुढे केला तेव्हा डॉक्टरांनी बांगडी पाहिली आणि मग तिचा तळवा उलटा करून उजेडात धरला. तळव्यावर तांब्याच्या रंगाचे बारीक डाग उठले होते. दुखत नव्हते, खाजत नव्हते.

“हे कधीपासून?”

मैत्रेयीनं तोंड उघडलं होतं. पण हर्षदा आधी बोलली. “बेदाण्याचं घर आहे, डॉक्टर. गंधकानं आमच्या सगळ्यांचेच तळवे असे होतात. निनादचेही झाले होते मागे. हे बघा माझे.” आणि तिनं आपले खरखरीत हात टेबलावर ठेवले.

मैत्रेयीनं एकदा सासूकडे पाहिलं. काहीतरी तिच्या ओठांपर्यंत आलं आणि परत गेलं.

डॉक्टरांनी तो तळवा आणखी थोडा वेळ धरून ठेवला. बांगडी हिरवी होती. घरातलं मोठं माणूस खात्रीनं सांगत होतं. बाहेर रांग लागली होती. त्यांनी मलम लिहून दिलं.

आठव्या महिन्यात एका सकाळी मैत्रेयी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. “आई, आज ती हलत नाहीये.”

ती म्हणजे ती. मुलगीच होणार असं दोघींनी आपसांत ठरवून टाकलं होतं.

हर्षदानं तिला डाव्या कुशीवर निजवलं, साखरपाणी दिलं, पोटावर हात ठेवून हाका मारल्या. “ए ठकूबाई, ऊठ. आजीला घाबरवू नये असं.” मग निनादनं गाडी काढली. दवाखान्यात डॉक्टर तस्नीम तिच्या पोटावरून यंत्राचा तो गुळगुळीत तुकडा फिरवत राहिल्या, फिरवत राहिल्या. एरवी त्या खोलीत टाप टाप टाप असा घोडा दौडत असे. आज काहीच दौडत नव्हतं.

दुपारी बाळ जन्मलं. रडलं नाही. मुलगीच होती.

नर्सनं ते गाठोडं हर्षदाच्या हातात दिलं. ओठ निनादचे, कपाळ मैत्रेयीचं. हर्षदानं पांढरं फडकं हळूच बाजूला सारलं, कारण नातीच्या हाताला एकदा बोट लावायचं होतं, एकदाच. आणि तिला ते हात दिसले. एवढेसे तळवे. त्यांवरची कातडी फार वेळ पाण्यात राहिल्यासारखी सोलून निघाली होती. तळपायांचीही तशीच.

या हातांना कुठला गंधक लागला होता?

आणि मग, पायरीवरून पाय घसरावा तसं तिला आठवलं, मैत्रेयी तर दिवस गेल्यापासून शेडकडे फिरकलीच नव्हती. आपणच तिला जाऊ दिलं नव्हतं.

तिनं फडकं पुन्हा घट्ट गुंडाळलं. मैत्रेयीच्या कुशीत बाळ दिलं तेव्हा फक्त चेहरा उघडा होता.

डॉक्टरांनी निनादला आपल्या खोलीत बोलावलं. “तुमच्याबद्दल बोलायचंय. एकट्यानं या.”

“आईला असू दे,” तो म्हणाला. त्याला एकट्यानं उभं राहवत नव्हतं.

“मग तुमचं तेवढं बोलू. मैत्रेयीचं जे काही आहे ते मी तिलाच सांगणार.” डॉक्टरांनी त्याच्या बोटाला सुई टोचली. दोन कोऱ्या साक्षबांगड्या टेबलावर ठेवल्या. पहिलीच्या काट्यांवर त्याच्या रक्ताचा थेंब तसाच सोडला. दुसरा थेंब त्यांनी परीक्षानळीतल्या मिठाच्या पाण्यात कालवला, त्यातलं थोडं काढून पुन्हा पाण्यात कालवलं, आणि ते फिकट, जेमतेम गुलाबी पाणी दुसऱ्या बांगडीवर टाकलं. मग तिघं त्या दोन बांगड्यांकडे बघत राहिली. इथे कुकर नव्हता. भिंतीवरचं घड्याळ तेवढं चालत होतं.

पहिली बांगडी हिरवी राहिली.

दुसरी एका कडेनं गढूळ झाली, आणि बघता बघता चिंचेसारखी तपकिरी.

“हे कसं?” हर्षदा म्हणाली. “पाणी घातलेल्या रक्तात सापडलं आणि निव्वळ रक्तात नाही?”

“काकू, ही बांगडी जंतू बघत नाही. जंतू अंगात शिरले की शरीर त्यांच्याविरुद्ध शिपाई तयार करतं. आम्ही त्यांना प्रतिपिंडं म्हणतो. बांगडी ते शिपाई शोधते. नवी लागण असेल तर शिपाई अजून तयारच नसतात. जंतू आत, पण रस्त्यावर शिपाई नाही. बांगडी म्हणते, सगळं शांत आहे.”

निनादनं मान खाली घातली.

“आणि नंतर?” हर्षदानं विचारलं.

“नंतर ते भरमसाट होतात. प्रत्येक शिपायानं एका हातानं बांगडी धरायची आणि दुसऱ्या हातानं रंगाचा कण. तेव्हा कण काचेला चिकटतात आणि रंग चढतो. पण शिपाई फार झाले तर काहींनी बांगडीची सगळी जागा अडवली, बाकीच्यांनी सगळे कण पळवले. दोन्ही धरणारा एकही उरला नाही, की रंग नाही. पाणी घालून गर्दी कमी केली तेव्हा साखळी जुळली.” डॉक्टरांनी तपकिरी बांगडीला हात न लावता ती थोडी पुढे सरकवली. “प्रयोगशाळेत रक्त पातळ करून बघतात. डबीवर हे लिहिलेलं नाही. मला ठाऊक होतं. मी तळवा बघितला होता आणि तरी हिरव्या रंगावर विसंबले. ते माझ्या पदरात राहील.”

“आजार कोणता?” निनादनं विचारलं. त्याला उत्तर माहीत असल्यासारखा आवाज होता.

“सिफिलिस. उपदंश. जुनी माणसं गरमी म्हणायची. तुम्हाला कधी जखम झाली होती? न दुखणारी, आपोआप बरी झालेली?”

त्यानं मान हलवली. “लग्नानंतर. मला वाटलं काहीतरी घासलं असेल. कडं तर हिरवं होतं.”

“औषध फार जुनं आहे. पेनिसिलिन. इंजेक्शनानं बरा होतो हा आजार. पुढचं मूल अगदी निरोगी होऊ शकतं. वेळेवर कळलं असतं तर हेही…”

“डॉक्टर,” निनाद पुढे वाकला, “तिला अशक्तपणाचं इंजेक्शन म्हणून देता नाही येणार? बरी होईल ना ती. मग कशाला…”

“नाही.” डॉक्टर प्रथमच मोठ्यानं बोलल्या. “त्या बाळाची आई आहे ती. संध्याकाळच्या फेरीला मी तिला सांगणार. त्याआधी तुम्हाला स्वतः सांगावंसं वाटलं तर मधे वेळ आहे.”

बाहेरच्या बाकावर निनादनं आईच्या मांडीवर डोकं टेकलं. लग्नाच्या पंधरवडाभर आधी मित्रांनी त्याला गोव्याला नेलं होतं. एक रात्र. तिचं नावही त्याला आठवत नव्हतं. “मी कडं घालायला घाबरत होतो, आई. हिरवं राहिलं तेव्हा वाटलं, देवानं माफ केलं. मग मी ते विसरूनच गेलो. खरंच विसरलो गं.”

हर्षदाचा हात सवयीनं त्याच्या केसांवर गेला आणि तिथेच थांबला. देवासमोर हात जोडून बसलेला तो मुलगा तिला दिसत होता. त्या जोडलेल्या हातांना ती भक्ती समजली होती.

तेवढ्यात शोभाआत्या डबा घेऊन आली. डोळे रडून लाल झालेले. तिचाही जीव होताच पोरीवर. पण तोंड थांबेना. “कुणाची दृष्ट लागली म्हणायची? का पोरीच्या अंगातच काही दोष होता आधीपासून? आपल्या निनादची साक्ष तर गावानं बघितलीय. तिकडूनच काहीतरी आलं असणार, बघ.”

हर्षदाला उमगलं, की आता नुसतं गप्प बसलं तरी पुरे. आपल्याला खोटं बोलावंही लागणार नाही. गाव आपोआप बोलेल, मुलगा वाचेल, आणि ती आत झोपलेली पोरगी जन्मभर स्वतःच्याच अंगाला दोष देत राहील. किती सोपं होतं ते! वात वळण्याइतकं सोपं.

“शोभाताई, डबा ठेवा आणि घरी जा,” ती म्हणाली. “आणि त्या पोरीबद्दल एक शब्द बोलू नका. दोष तिचा नाही. आमचा आहे.”

शोभाआत्याच्या हातातला डबा तसाच राहिला. हर्षदानं निनादला दंडाला धरून उठवलं. “चल. तुझं तू सांगायचंस. माझं मी सांगेन.”

मैत्रेयी जागी होती. खिडकीकडे तोंड करून पडली होती. निनाद पलंगाच्या पायथ्याशी उभा राहिला आणि त्यानं सांगितलं. अडखळत, मधेच थांबत, पण सगळं सांगितलं. तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही.

“पण हिरवी होती ना?” ती शेवटी म्हणाली. लहान मुलाला न सुटलेलं गणित असावं तसा तिचा आवाज होता. “दोन्ही वेळा हिरवी होती.”

“होती,” हर्षदा म्हणाली. “पहिल्यांदा काही दिसायच्या आधी बघितलं. दुसऱ्यांदा इतकं होतं की बांगडीला दिसलं नाही. पण बाळा, डॉक्टरांना दिसलं होतं. तुझ्या तळव्यावर. आणि मी…”

मैत्रेयीनं हळूहळू मान वळवली.

“आई, दिवस गेल्यापासून मी गंधकाजवळ कधी गेले होते?”

हर्षदानं आपले खरखरीत तळवे पदराखाली घेतले.

“मी सांगणारच होते डॉक्टरांना. पण तुम्ही इतक्या खात्रीनं बोललात, की मला वाटलं, असेल. तुमच्या घरातल्या भिंतींनाही गंधक लागला असेल.” मग तिनं विचारलं, “तिचे हात मला का नाही दाखवले?”

“तुला सोसवलं नसतं.”

“ते तुम्ही नका ना ठरवू,” मैत्रेयी म्हणाली, आणि सकाळपासून पहिल्यांदा रडली. आवाज न करता, तोंड उघडं ठेवून. हर्षदा पुढे झाली, पण मैत्रेयीनं हात वर केला आणि ती होती तिथेच थांबली. मग त्याच हातातल्या बांगड्या मैत्रेयी एकेक करून उतरवू लागली. फोडल्या नाहीत, आपटल्या नाहीत. काढून उशाशी ठेवल्या. त्यातली साक्ष कोणती, हे आता कुणालाच ओळखू येत नव्हतं.

इंजेक्शनं झाली. रक्त सांगलीला जाऊन आलं. मैत्रेयी अकलूजला माहेरी गेली. निनाद दर रविवारी तिकडे जाई. कधी ती भेटे, कधी तिचे वडील दारातूनच पाणी विचारत.

हर्षदाचा नेम सुटला नाही. आता मागणं काय, हे तिला सांगता आलं नसतं. तिला वातींच्या डब्यात तळाशी मैत्रेयीच्या जाड, वाकड्या वाती सापडल्या, तेव्हा तिनं त्या उलगडल्या नाहीत. तशाच लावल्या. त्या चांगल्या जळत होत्या.

दिराच्या मुलीचं, ओवीचं, लग्न ठरलं, तेव्हा तिनं अकलूजला फोन केला. “मैत्रेयी, तिथे मला बोलावंसं वाटतंय. तू नको म्हणालीस तर नाही बोलणार.”

“माझं नाव घेऊन बोला,” मैत्रेयी म्हणाली. “झाकून ठेवलेलं मला आता काही नको.”

तोच सोपा, त्याच बायका, तीच नूतन. कुकर लागला होता. ओवी एका पाटावर, तिचा होणारा नवरा दुसऱ्या पाटावर. नूतननं दोघांच्या मनगटात काच चढवली आणि नेहमीचं वाक्य म्हटलं, पण खालच्या आवाजात, “तीन महिन्यांनी परत भरायची.”

शोभाआत्यानं तोंड उघडलं आणि हर्षदाकडे बघून मिटलं. कुणीच हसलं नाही.

“बांगडी भरू नका असं मी म्हणत नाही,” हर्षदा उभी राहून बोलू लागली. इतक्या बायकांत उभं राहून बोलायची तिला सवय नव्हती. पदराचं टोक बोटाला गुंडाळत ती बोलत होती. “पण हिरवी म्हणजे निरोगी नव्हे. हिरवी म्हणजे बांगडीला काही दिसलं नाही, एवढंच. दोघांनी नसेतलं रक्त द्यायचं. तीन महिन्यांनी पुन्हा द्यायचं. आणि अंगावर काही उठलं, कुठे जखम दिसली, की ज्याचं त्यानं स्वतःच्या तोंडानं डॉक्टरला सांगायचं. मधे आईनं बोलायचं नाही, सासूनं बोलायचं नाही. माझ्या मैत्रेयीची लेक अशीच गेली. दोन हिरव्या बांगड्या असताना गेली. आणि मधे मी बोलले होते.”

कुकरची पहिली शिट्टी झाली.

ओवीनं हर्षदाचा हात धरून तिला खाली, आपल्याजवळ बसवलं. “मोठी आई,” तिनं हळूच विचारलं, “मी दुसऱ्यांदा रक्त द्यायला सांगितलं तर त्याला वाटेल, माझा त्याच्यावर विश्वास नाही. मग मी काय म्हणायचं?”

दुसरी शिट्टी झाली. हर्षदानं समोर पाहिलं. मुलगा चांगला दिसत होता, निनादसारखाच. त्याच्या कपाळावर घाम होता आणि त्यानं दोन्ही तळवे गुडघ्यांवर पालथे टाकले होते. चारचौघांत बसलेलं लाजरं पोर असंच बसतं. असंच बसतं ना?

“त्याला म्हण,” ती म्हणाली, “मी माझंही देणार आहे. आधी माझंच घ्या म्हण.”

“आणि तो नाही म्हणाला तर?”

तिसरी शिट्टी झाली. सगळ्यांचे डोळे ओवीच्या मनगटाकडे वळले. ओवी मात्र बांगडीकडे बघत नव्हती. ती समोरच्या त्या पालथ्या हातांकडे बघत होती. आता ती त्याला ते उलटे करायला सांगेल का?